मागच्या काचेतली बीजेची कोर

नरवर गाव मागे पडलं आणि मोटरीच्या समोरच्या फळीवरचा दिव्याचा लाल मणी लागला.

मागच्या सीटवर बसलेल्या विनोदिनीला तो नवऱ्याच्या खांद्यावरून दिसला. डाळिंबाच्या दाण्याएवढा. समईची वात मोठी झाली की नजर जशी आपसूक तिकडे जाते, तशी तिची गेली. पण पुढे मामंजी, भय्यासाहेब, बसले होते, आणि उज्जैनच्या फ्रीगंजातून निघाल्यापासून मोटरीत कोणी कोणाशी धड बोललं नव्हतं. 

"लाल लागलाय," भय्यासाहेब म्हणाले.

"दिसतोय मला," सुधाकर म्हणाला.

"मला मोतीबिंदूतून दिसतोय. तुला दिसत नसता तर नवल होतं."

"डायनॅमोचा आहे. बॅटरी भरत नाहीये. जुनी गाडी आहे, भय्यासाहेब, तिचे दिवे लागणारच. तरी मी म्हणत होतो, जायचं तर सकाळी ठरवा, बसने जाऊ."

 उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत भय्यासाहेब रस्त्याकडे पाहत राहिले. विनोदिनीने शेजारी पाहिलं. मामंजींच्या थोरल्या बहीण, अक्का, डोळे मिटून माळ ओढत होत्या. कार्तिक लागला की दुपारच्या जेवणापासून दिवेलागणीपर्यंत अक्कांचं मौन असे. कालच पाडवा झाला, कार्तिक लागला. आता संध्याकाळी घरात दिवा लागेपर्यंत अक्कांच्या तोंडून रामनामसुद्धा मनातल्या मनातच.

त्या अक्कांनीच सकाळी फराळाच्या वेळी हे सगळं सुरू करून दिलं होतं. लाडवाचं ताट पुढे सरकवत, जसं काही दुधाचा भाव सांगावा तसं, त्या म्हणाल्या होत्या, "महाकाळाला देवासच्या कुलकर्णीबाई भेटल्या. नवं राज्य झालं ना, तर आपल्या मास्तरांची बदली झाली. रायपूरला. परवा सामान निघणार म्हणे."

भय्यासाहेबांनी उष्टी करंजी परत ताटात ठेवली. "रायपूर? ते कुठं आलं?"

"तिकडे, पार पूर्वेला," सुधाकर म्हणाला. "दोन दिवस लागतात जायला. आता तेही आपल्याच राज्यात."

"आपल्याच राज्यात!" भय्यासाहेब म्हणाले आणि उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. जेवायला आत आले नाहीत. विनोदिनीने दोनदा ताक पाठवलं, दोनदा ते तसंच परत आलं. उन्हं कलती झाल्यावर ते एकदम दारात उभे राहिले. अंगात कोट, डोक्याला पगडी. "सुधाकर, मोटर काढ."

कोणी विचारलं नाही कुठे. आज भाऊबीज होती.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट घरात उघडपणे कोणी काढत नसे, पण विनोदिनी लग्न होऊन आली त्याच वर्षी ती घडली, म्हणून तिला सगळी ठाऊक होती. सुनंदा म्हणजे भय्यासाहेबांची शेंडेफळ बहीण, त्यांनीच वाढवलेली. तिचे यजमान गोपाळकृष्ण उज्जैनला मास्तर होते. मुलांना घेऊन ते स्वातंत्र्याच्या मिरवणुकीत गेले, आणि त्यांना नोकरीतून काढल्याचा कागद सहीसाठी आला तो नेमका भय्यासाहेबांच्या टेबलावर. संस्थानच्या दरबारची नोकरी, त्यांनी सही केली. पुढे थोड्याच महिन्यांत देश स्वतंत्र झाला, त्याच मास्तरांच्या गळ्यात टावर चौकात लोकांनी हार घातले. पण तोवर सुनंदा ट्रंक उचलून देवासला निघून गेली होती. जाताना ओट्यावर वळून म्हणाली होती, "भय्या, आता भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळीन."

ज्या बाईला भाऊ नाही, ती बीजेच्या चंद्राला ओवाळते. भाऊ असताना तसं म्हणायचं म्हणजे काय, हे विनोदिनीला तेव्हा कळलं होतं, आणि तिने मान खाली घातली होती.

सुनंदा बोलावील म्हणून भय्यासाहेब वाट पाहत राहिले. ते येतील म्हणून ती. आणि अक्का मधल्या मधे. वयाच्या नवव्या वर्षी कपाळ पांढरं झालेली बाई, ती धाकट्या भावाला ओवाळणार कशी? इतकी वर्षं भाऊबीजेला भय्यासाहेबांपुढे कोणी ताट धरलं नव्हतं.

"अक्का," विनोदिनीने हळूच विचारलं, "चंद्राला ओवाळून झाल्यावर आपण पोचलो तर?"

अक्कांनी डोळे उघडले. मान हलवली. नाही. त्यांचा शास्त्रार्थ विनोदिनीला पाठ होता: एकदा चंद्राला ओवाळलं की त्या वर्षीचा भाऊ तो.

*

सुधाकरला आधी वास आला, मग बोनेटच्या फटीतून वाफ दिसली, आणि त्याच वेळी लाल मण्याशेजारचा पिवळा लुकलुकायला लागला.

लहानपणी भय्यासाहेबांनी त्याला ही मोटर शिकवली ती मांडीवर बसवून. लाल लागला तर सावकाश जा. पिवळा लागला तर थांब, तो ऑइलचा. दोन्ही लागले तर देवाचं नाव घे आणि इंजिन बंद कर. त्याने तसंच केलं. मोटर चिंचेखाली जाऊन उभी राहिली. बाजूला विहीर, विहिरीपलीकडे एक झोपडं.

बोनेट उघडलं तर आत पाणी खदखदत होतं. त्याने रुमाल गुंडाळून हात घातला. पंख्याचा पट्टा तेलाने निथळत होता. बोट लावलं तर पुढे सरकायचं, इतका गुळगुळीत. पट्टाच घसरतोय म्हटल्यावर पंखा फिरत नव्हता, डायनॅमो फिरत नव्हता. आणि हे तेल आलं कुठून? पिवळा दिवा लागलाय, म्हणजे इंजिनातून. म्हणजे इंजिनच फुटलं.

"गेली," तो म्हणाला.

"कोण गेली?" भय्यासाहेब खाली उतरत होते.

"मोटर. इंजिनाचं ऑइल बाहेर येतंय, सगळीकडे उडालंय. आता चालवली तर जागच्या जागी जाम होईल. बैलगाडी बघतो, नरवरपर्यंत जाऊ, तिथून परतीची बस मिळेल."

"परतीची?"

"मग काय करू, भय्यासाहेब? ढकलत नेऊ देवासला?"

हे बोलताना आपल्याला आतून थोडं हलकं वाटलं, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला लाज वाटली. नव्या राज्यात त्याचीही बदली झाली होती, भोपाळला दोन खोल्या मिळाल्या होत्या. तिथे ना मोटर राहणार, ना झोपाळा, ना देवघराची ती दगडी चौकट. मोटरीला गिऱ्हाईक ठरलं होतं, ते भय्यासाहेबांना अजून सांगायचं होतं. मोटर इथेच बसली तर सांगायची वेळच येणार नाही. आणि आत्याच्या दारात, तिच्या नवऱ्यासमोर, काय बोलायचं तेही ठरवावं लागणार नाही.

"तुला यायचंच नव्हतं," भय्यासाहेब म्हणाले.

"असं थोडीच आहे! पण नऊ वर्षं गेला नाहीत, आणि आज एकदम जिद्द. नऊ वर्षं चालत निघाला असता तरी पोचला असता."

"अहो!" विनोदिनी म्हणाली.

भय्यासाहेबांनी पगडी काढून बोनेटच्या कडेवर ठेवली. त्यांचा चेहरा एकदम लहान दिसायला लागला. "खरं आहे तुझं," ते म्हणाले. "चालत गेलो असतो तर पोचलो असतो."

*

विनोदिनी पदर सावरत जवळ आली आणि थांबली. कसला तरी वास येत होता, ओळखीचा. मोटरीचा नव्हे. तिने पट्ट्याला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं.

"अहो, हे मोटरीचं तेल नाही."

"मग काय आहे?"

"तिळाचं आहे. आवळकाठी घातलेलं. नागरमोथाही आहे." ती वळली. "अक्का?"

अक्का मोटरीच्या पायरीवर उभ्या होत्या. माळ थांबली होती. त्यांनी एकदा पश्चिमेला पाहिलं, सूर्य अजून हातभर वर होता. एकदा फळीकडे पाहिलं. सुधाकरने किल्ली फिरवलेलीच ठेवली होती, लाल आणि पिवळा दोन्ही मणी स्पष्ट पेटलेले होते. अक्कांनी दोन्ही मण्यांना हात जोडले.

"दिवे लागले," त्या म्हणाल्या. "मौन सुटलं. अरे, चतुर्दशीला मी तिला न्हाऊ घातलं."

"कुणाला?"

"हिला. मोटरीला. पहाटे तुम्हां सगळ्यांना तेल लावलं, गाईला लावलं, पाट्या-वरवंट्याला बोट लावलं. बाहेर आले तर ही एकटी कोरडी उभी. त्या दिवशी नवं राज्य होणार होतं ना? मनात आलं, हिला तरी अशुभ का राहू द्यायचं. पत्रा उचलला आणि आतल्या सगळ्या अंगाला तेल चोळलं. तो पट्टा तर किती कोरडा होता बाई, भेगा पडल्या होत्या. त्याला दोन वाट्या पाजलं."

सुधाकर कपाळाला हात लावून चिंचेच्या मुळीवर बसला. "दोन वाट्या!"

"आंघोळीला एवढं लागतंच."

"अक्का, आणि उटणं?" भय्यासाहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज विचित्र झाला होता. "उटणं लावलं नाहीस?"

"मोटरीला कशाला उटणं? तिला काय परकर-पोलकं घालायचंय?"

भय्यासाहेब हसले. विनोदिनीने त्यांना असं हसताना सासूबाई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. त्यांनी उपरणं तोंडाला लावलं. "सुनू असती तर," ते म्हणाले, "सुनू असती तर म्हणाली असती, आता हिला ओवाळा."

"तेल लागलं तर तेल काढायचं," विनोदिनी म्हणाली. "रडायचं काय त्यात? भांड्याचं काढतो तसं. राख हवी."

"राख टिकणार नाही," सुधाकर म्हणाला.

"देवासपर्यंत टिकली तर पुरे. की गिऱ्हाइकापर्यंत टिकायला हवी?"

ती हे हलक्या आवाजात बोलली, फक्त त्याला ऐकू जाईल असं. त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. मग बाह्या वर सारल्या. "जा, आण राख."

झोपड्यातली म्हातारी आधीपासून दारात उभी राहून बघत होती. "कंई हुयो, बई?" काय झालं ते तिने मालवीत विचारलं.

"माजी, चूल्हे की राख चाहिए थी. छनी हुई. गाड़ी को लगाना है."

"गाड़ी को?" म्हातारीने सुपात राख घेतली, वर एक जुनं फडकं ठेवलं. "म्हारे क्या. भगवान को लगे, गाड़ी को लगे."

*

पाणी थंड व्हायची वाट बघावी लागली. तापल्या तोंडाचं झाकण काढायचं नाही, हे भय्यासाहेबांनी तीनदा बजावलं. तोवर सुधाकर आणि विनोदिनी दोघं पट्टा घासत होते. तो चाक थोडं फिरवायचा, ती राख लावून पुसायची. काळं फडकं टाकून तिने आपला रुमाल घेतला, मग अक्कांच्या पिशवीतला सोवळ्याचा पंचा अक्कांनीच काढून दिला.

"अक्का, सोवळ्याचा आहे," ती म्हणाली.

"राखेने काय विटाळतंय? घे."

सूर्य गेला. शेतांवर धूर उतरला. भय्यासाहेब विहिरीच्या काठावर बसले होते. त्यांना वाटलं, बोलायचं तर आत्ताच, अजून पोचलो नाही तोवर.

"अक्का, तेव्हा सही केली नसती तर काय झालं असतं?"

"तुझी नोकरी गेली असती."

"आणि आता ते राज्यच गेलं. ज्याच्यासाठी सही केली ते दरबारचं गेलं, त्याच्यानंतरचं चतुर्दशीला गेलं. आता तिसरं. नोकरी कशी राहिली असती गं तशीही?"

अक्कांनी माळ पिशवीत ठेवली.  "तू दर भाऊबीजेला ओट्यावर बसायचास," त्या म्हणाल्या. "मी आत जेवण झाकून ठेवायचे. मला वाटायचं, बाहेर येऊन म्हणावं, भय्या, ये, मी ओवाळते. काय व्हायचं ते होवो. ताट काढून ठेवलं होतं एका वर्षी."

"मग?"

"मग तू उपाशीच झोपलास. मी ताट घासून ठेवून दिलं."

विहिरीत पोहरा पडल्याचा आवाज आला. सुधाकरने हाक मारली, "भय्यासाहेब, झाकण काढू का?"

*

इंजिन सुरू झालं. पिवळा विझला; तापून ऑइल पातळ झालं होतं, एवढंच. लाल थोडा रेंगाळला आणि मोटरीने वेग घेतल्यावर तोही गेला.

"गेला!" विनोदिनी लहान मुलीसारखी ओरडली.

"बोलू नकोस, नजर लागेल," अक्का म्हणाल्या.

चढ आला की लाल पुन्हा लुकलुकायचा. बॅटरी अर्धी संपली होती. सुधाकरने पुढचे मोठे दिवे लावलेच नाहीत. संधिप्रकाशात रस्ता पांढरट दिसत होता, तेवढ्यावर तो चालवत राहिला. वाटेतल्या वस्तीत ओसऱ्यांवर पणत्या होत्या, त्यांच्या उजेडात वळण कळायचं. भय्यासाहेब त्याला सांगत होते, डावीकडे घे, पुढे फरशी आहे, आता सरळ. हा रस्ता त्यांना डोळ्यांशिवाय पाठ कसा, असं सुधाकरने विचारलं नाही. भय्यासाहेबांनीच सांगितलं.

"दोनदा आलो होतो मी. एकटा. इथवर."

"आणि?"

"टेकडीचे दिवे दिसले की मोटर वळवायचो."

सुधाकरने गियर बदलला. थोड्या वेळाने म्हणाला, "मोटरीला गिऱ्हाईक आलंय, भय्यासाहेब. मी सांगणार होतो."

"माहीत आहे मला. फ्रीगंजात काय लपतं? आधी पोचव. मग दे कुणाला द्यायची ती."

विनोदिनी मागच्या काचेतून पाहत होती. धुळीच्या वर, उज्जैनच्या अंगाला, बीजेची कोर उभी होती. नखाएवढी. दर वळणाला ती झाडांत जायची, परत यायची, आणि दर वेळी थोडी खाली आलेली असायची.

"अक्का, चंद्र खाली चाललाय."

अक्का मागे वळल्या नाहीत. त्या फळीकडे बघत होत्या. लाल लागला की त्यांचे ओठ हलायचे, विझला की थांबायचे.

पुढे टेकडीवरच्या देवीचे दिवे दिसले. भय्यासाहेबांचा हात दाराच्या मुठीवर गेला. सुधाकरने वेग जराही कमी केला नाही.

*

देवासला टेकडीच्या पायथ्याशी सुनंदा गच्चीवर ताट घेऊन उभी होती. घरात सामान बांधलेलं होतं, चालायला जागा नव्हती. पण पाट तिने बांधला नव्हता. तो दर वर्षीसारखा मधल्या खोलीत मांडला होता, भोवती रांगोळी होती. दर वर्षी रात्री ती तो उचलून ठेवायची.

चंद्र घरांच्या मागे उतरायला आला होता. "अगं, अजून किती थांबशील?" मास्तर जिन्यातून म्हणाले. "आता दिसेनासा होईल."

मग तिने ओवाळलं. अक्षता टाकल्या, सुपारी फिरवली, निरांजनाचं ताट तीनदा फिरवलं. कोर कौलांआड गेली. ती तशीच उभी राहिली.

मोटर आली ती तिला दिसली नाही, मोटरीला दिवेच नव्हते. फक्त आवाज आला, आणि तो तिने ओळखला. ह्या इंजिनाचा ठोका तिला झोपेतही कळला असता. ताट हातात तसंच धरून ती जिना उतरली. मास्तर दाराशी पोचले होते.

दारात भय्यासाहेब उभे होते. पगडी मोटरीतच राहिली होती. कोटावर राख होती. त्यांनी आधी मास्तरांना नमस्कार केला, पुरा, कमरेत वाकून. मास्तरांनी त्यांचे हात वरच्यावर धरले. 

"या," मास्तर म्हणाले. "सामानातून वाट काढत या."

भय्यासाहेबांनी बहिणीकडे पाहिलं. केस पांढरे झाले होते तिचे. "सुनू, उशीर झाला का?"

"ओवाळून झालं, भय्या," सुनंदा म्हणाली. आवाज साधा होता, पण ताटातलं निरांजन अजून जळत होतं. "आत्ताच. चंद्र गेला."

भय्यासाहेबांनी मान डोलावली. उंबऱ्याबाहेरचं पाऊल त्यांनी आत घेतलं नाही. विनोदिनीने अक्कांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. चुकीच्या तिथीला घरात कुणी कधी नखं कापली नव्हती ती ह्या बाईमुळे.

अक्का पुढे आल्या. निरांजनावर वाकून त्यांनी वात बघितली.

"तूप आहे अजून," त्या म्हणाल्या. "वात जळते आहे तोवर ओवाळणं चालू असतं."

"असं कुठे लिहिलंय, अक्का?" सुनंदाने विचारलं. तिचे डोळे भरून आले होते.

"मी सांगते आहे ना. बस रे भय्या पाटावर. वात संपेल."

ते बसले. सुनंदाने टिळा लावला, पण ताट तिच्याने उचलेना. "अक्का, खालून धर गं."

अक्कांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग हात पदराला पुसून त्यांनी ताटाला खालून आधार दिला. ताट फिरलं. एकदा, दोनदा. वर सुनंदाचे हात, खाली अक्कांचे. तिसऱ्या फेरीला वात फडफडली आणि शांत झाली.

 बाहेर तापलेलं इंजिन थंड होताना टिकटिक करत होतं.

भय्यासाहेबांनी कपाळावरचा टिळा बोटाने चाचपला. "सुनू," ते म्हणाले, "आता रायपूरला माझ्याने येणं होईलसं वाटत नाही. तिथे चंद्र कुठे गं दिसेल तुला?"

"पश्चिमेलाच, भय्या," सुनंदा म्हणाली. "तिकडूनही उज्जैन पश्चिमेलाच आहे."